सायकलच्या दोन चाकोऱ्यांमधले क्षेत्रफळ: मार्ग कोणताही असला तरी तेच का येते?

लंबक (प्रश्न)

भूमितीची कोडी सोडवणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे आणि अलीकडे सायकलशी संबंधित प्रश्नांनी मला अक्षरशः झपाटले आहे. त्यांतील एका प्रश्नाचे उत्तर हाती आले आहे, पण ते तसेच का येते याचा उलगडा होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

ओल्या टायरांची सायकल कोरड्या फरशीवरून वळवत नेली, की पुढच्या आणि मागच्या चाकाच्या दोन वेगळ्या चाकोऱ्या उमटतात. समजा, सायकल एक फेरी मारून निघाल्या जागी परत आली आणि तिचे तोंडही पहिल्याच दिशेला झाले. मग त्या दोन बंद वक्रांच्या मध्ये एक चिंचोळा पट्टा तयार होतो. या पट्ट्याचे क्षेत्रफळ किती, हा माझा मूळ प्रश्न होता. दोन्ही चाके जमिनीला जिथे टेकतात त्या बिंदूंमधील अंतराला मी ‘ल’ म्हणतो.

सर्वांत सोपा मार्ग वर्तुळाचा. मागचे चाक ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल आणि ल १ मीटर असेल, तर वर्तुळाचे केंद्र, मागचा टेकबिंदू आणि पुढचा टेकबिंदू यांचा काटकोन त्रिकोण होतो. त्याचा कर्ण म्हणजे पुढच्या चाकोरीची त्रिज्या, अर्थात १७ चे वर्गमूळ, सुमारे ४.१२३ मीटर. दोन्ही वर्तुळांच्या क्षेत्रफळांची वजाबाकी केली, की १७ पाय (π) वजा १६ पाय, म्हणजे नेमके पाय, सुमारे ३.१४ चौरस मीटर उरतात. त्रिज्या ४ ऐवजी ४० मीटर घेतली तरी पायथागोरसच्या प्रमेयामुळे मोठे आकडे एकमेकांना छेद देतात आणि उत्तर तेच राहते. इथवर काही नवल नाही.

त्यानंतर मी धावपट्टीचा आकार घेतला, म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळाकार टोके. सरळ भागात दोन्ही चाकोऱ्या एकाच रेषेवर येतात, त्यामुळे तिथे क्षेत्रफळ शून्य. दोन्ही टोकांना अर्धे-अर्धे कडे मिळते आणि बेरीज पुन्हा पायच. मग मागच्या चाकाला लंबवर्तुळावरून नेले. इथे कागदावर संकलन (इंटिग्रेशन) करणे फार किचकट झाले, म्हणून संगणकावर बारीक पायऱ्या घेऊन बेरीज केली, तर पायऱ्या जितक्या बारीक कराव्यात तितके उत्तर ३.१४१६ च्या जवळ सरकत गेले.

माझे प्रश्न असे आहेत. मार्गाच्या आकाराशी या क्षेत्रफळाचा काहीच संबंध का नसावा? इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या, स्वतःलाच छेदणाऱ्या मार्गावरही हे खरे राहते का? आणि अशा प्रश्नाला हात घालताना अनुभवी मंडळी सुरुवात कुठून करतात? निर्देशक अक्ष आखून समीकरणे मांडली की उत्तर मिळते, पण कारण त्या समीकरणांच्या गर्दीत हरवते.

स्पर्शिका

आपला प्रश्न अतिशय सुंदर आहे, आणि आपण ज्या क्रमाने उदाहरणे घेतली आहेत तो क्रमही योग्यच आहे. त्या यादीत मी आणखी एकच उदाहरण जोडेन, कारण उत्तर त्यातच उघडे पडते.

हँडल पूर्ण काटकोनात वळवा आणि सायकल हाताने ढकला. मागचे चाक जागच्या जागी राहील आणि पुढचे चाक त्याच्याभोवती ल त्रिज्येचे वर्तुळ काढेल. मागची चाकोरी आक्रसून एक बिंदू झाली आहे, पुढची चाकोरी वर्तुळ आहे आणि मधले क्षेत्रफळ म्हणजे त्या वर्तुळाचेच क्षेत्रफळ, पाय गुणिले ल चा वर्ग. आता एवढेच दाखवायचे उरते, की बाकीचे सगळे मार्ग म्हणजे याच वर्तुळाचे तुकडे वेगवेगळ्या जागी नेऊन मांडणे होय.

मागचे चाक फ्रेममध्ये पक्के बसवलेले असते, त्याला स्वतंत्रपणे वळता येत नाही. त्यामुळे फ्रेम ज्या दिशेला रोखलेली असेल त्याच दिशेला मागचे चाक त्या क्षणी सरकते. पुढचे चाक त्याच रेषेवर ल अंतरावर असते. म्हणजेच मागच्या टेकबिंदूपासून पुढच्या टेकबिंदूपर्यंतचा रेषाखंड ही मागच्या चाकोरीची स्पर्शिका असते आणि तिची लांबी कधीही बदलत नाही. सायकलच्या चाकोऱ्यांविषयीचे जवळजवळ प्रत्येक कोडे या एका वाक्यातून सुटते.

सायकल पुढे जाते तसा हा रेषाखंड जमिनीवरून फिरतो, आणि त्याने झाडलेली जागा म्हणजेच आपला पट्टा. आता त्याची एक अगदी छोटी हालचाल दोन भागांत पाहा. आधी तो स्वतःच्याच रेषेवर किंचित पुढे सरकला आणि मग मागच्या टोकाभोवती किंचित वळला. स्वतःच्या रेषेवर सरकताना रेषाखंड काहीच क्षेत्रफळ झाडत नाही. वळताना तो ल त्रिज्येची एक अरुंद वर्तुळपाकळी झाडतो. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात हे खरे. पण या विभागणीमुळे होणारी चूक पायरीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि पायऱ्यांची संख्या केवळ साध्या प्रमाणात वाढते, म्हणून एकूण चूक शून्याकडे जाते. आपल्या संगणकाने नेमके हेच दाखवले आहे.

या सगळ्या अरुंद पाकळ्या त्यांची दिशा न बदलता उचलून त्यांची टोके एका बिंदूवर आणून ठेवा. एक पाकळी जिथे संपते तिथेच पुढची सुरू होते, कारण सायकलची दिशा कुठेही उडी मारत नाही. फेरी पूर्ण झाली की दिशा एकूण ३६० अंश फिरलेली असते, म्हणून पाकळ्या मिळून पूर्ण वर्तुळ भरते. मार्ग लांब असला तर पाकळ्या दूरदूर विखुरतात, आखूड असला तर दाटीवाटीने बसतात. त्यांची एकूण बेरीज मात्र दिशा किती फिरली एवढ्यावरच ठरते. आर्मेनियात जन्मलेले खगोलभौतिकशास्त्रज्ञ मामिकोन म्नात्साकानियन यांनी या विचाराला सर्वसाधारण प्रमेयाचे रूप दिले आणि त्यातून संकलनाचे अनेक अवघड प्रश्न एकही समीकरण न मांडता सोडवून दाखवले.

आठच्या आकड्यासाठी क्षेत्रफळाला चिन्ह द्यावे लागते. डावीकडे वळताना झाडलेली पाकळी धन आणि उजवीकडची ऋण मानली, तर आठच्या एका फेरीत दिशा जेवढी डावीकडे फिरते तेवढीच उजवीकडे फिरते आणि बेरीज शून्य होते. चिन्ह बाजूला ठेवून प्रत्यक्ष झाडलेली जागाच मोजायची असेल, तर मार्ग स्वतःला कोणत्या कोनात छेदतो ते पाहा. छेद काटकोनात असेल तर प्रत्येक फासात दिशा २७० अंश वळते, म्हणून प्रत्येक फासाचा वाटा वर्तुळाच्या पाऊण भागाइतका, ल १ मीटर असताना सुमारे २.३६ चौरस मीटर येतो.

चाकोरी

स्पर्शिका यांच्या विवेचनाला माझी एक जोड आहे, कारण त्याच वाक्यातून एक जुने आणि फार देखणे कोडे सुटते: जमिनीवर दोन चाकोऱ्या दिसत आहेत, सायकल निघून गेलेली आहे, ती कोणत्या दिशेने गेली?

आधी मागच्या चाकाची चाकोरी कोणती ते ठरवावे. एखाद्या वक्राची कुठल्याही बिंदूवरची स्पर्शिका दोन्ही बाजूंना पुरेशी लांबवूनही दुसऱ्या वक्राला भेटत नसेल, तर तो वक्र मागच्या चाकाचा असूच शकत नाही, कारण मागच्या चाकोरीची प्रत्येक स्पर्शिका ल अंतरावर पुढच्या चाकोरीला गाठतेच. वळणावर सर्वांत बाहेर फुगलेल्या भागावर सरळ काठी टेकवून पाहिली की ही परीक्षा क्षणात होते. जिथे चाकोऱ्या एकमेकींना ओलांडतात तिथे मागच्या टायरची नक्षी वरचढ दिसते, तिचाही आधार घेता येतो. पण तिने फक्त मागचे चाक ओळखता येते, जाण्याची दिशा कळत नाही.

दिशा ठरवण्यासाठी मागच्या चाकोरीवर चार-पाच बिंदू निवडावेत आणि प्रत्येक ठिकाणी स्पर्शिका दोन्ही बाजूंना लांबवून पुढच्या चाकोरीपर्यंतचे अंतर मोजावे. एका बाजूची सगळी अंतरे समान भरतात आणि दुसऱ्या बाजूची कमीजास्त येतात. समान अंतरे ज्या बाजूला भरतात त्या बाजूला सायकलचे तोंड होते. मी हा प्रयोग खडू आणि लाकडी पट्टीने करतो. ओल्या चाकोरीवर पट्टी ठेवताना ती टायरच्या उमटलेल्या पट्ट्याच्या मध्यरेषेला टेकली पाहिजे, कडेला नव्हे. कडेवर टेकवली तर कोन थोडासा चुकतो आणि त्या चुकीने मीटरभर अंतरावर बराच फरक पडतो. शिवाय जिथे वळण तीव्र आहे तिथेच बिंदू निवडावेत, कारण जवळजवळ सरळ भागात दोन चाकोऱ्या इतक्या लहान कोनात भेटतात की नेमका छेदबिंदू डोळ्यांना ठरवता येत नाही.

ही परीक्षा दोन मार्गांवर निरुपयोगी ठरते. संपूर्ण सरळ रेषेवर दोन्ही चाकोऱ्या एकच होतात, आणि परिपूर्ण वर्तुळावर दोन्ही बाजूंची अंतरे समान येतात.

प्रत्यक्ष सायकलवर मोजलेले अंतर अगदी काटेकोर जुळणार नाही, याची कल्पना असू द्यावी. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुबेळका दांडा, तिरका असतो आणि हँडल ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला टेकबिंदूच्या काही सेंटिमीटर पुढे भेटतो. म्हणून हँडल वळले की पुढचा टेकबिंदू फ्रेमच्या रेषेपासून जरासा बाजूला जातो. सायकल कलली की टायरचा टेकण्याचा भागही बदलतो. हाताने धरून, उभी ठेवून, सावकाश नेलेली सायकल आदर्श गणिताच्या सर्वांत जवळ जाते.

दातेरी

मूळ प्रश्नातील तिसऱ्या भागाविषयी, म्हणजे सुरुवात कुठून करावी याविषयी, एका वेगळ्या कोड्याच्या आधारे लिहितो. छंद म्हणून भौतिकशास्त्र करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी स्वतः करून पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सायकल सरळ उभी धरा. कोणीतरी ती नुसती पडू नये इतकीच सीटपाशी आधार देऊन धरावी. एक पायडल अगदी खाली आणि दुसरे अगदी वर ठेवा. खालच्या पायडलला दोरी बांधून ती मागच्या बाजूला, जमिनीला समांतर ओढा. सायकल पुढे जाईल की मागे?

बहुतेक जण म्हणतात की पुढे, कारण चालवताना खालचे पायडल मागेच तर जाते. पण ते मागे जाते ते फ्रेमच्या तुलनेत, आणि आपण दोरी ओढतो ती जमिनीवर उभे राहून. जमिनीच्या तुलनेत पायडल कुठे जाते ते पाहायला हवे. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७ सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर, पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असे धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.२ मीटर पुढे जाते. तेवढ्यात पायडल फ्रेमच्या तुलनेत वर्तुळावर फक्त १.०७ मीटर फिरते. म्हणजे सायकल पुढे जात असताना सर्वांत खाली असलेले पायडलही सायकलच्या वेगाच्या सुमारे ८० टक्के वेगाने पुढेच सरकत असते. दोरीने मागे ओढलेले पायडल दोरीच्या दिशेने, म्हणजे मागेच जाणार. आणि या गिअरमध्ये ते मागे जायचे तर सायकलला मागे जावेच लागते. सायकल मागे येते आणि क्रँक उलटा फिरतो.

बलांचा हिशेबही हेच सांगतो. दोरीचे बल मागे १०० न्यूटन असेल, तर चेनमार्फत मागच्या चाकाने जमिनीला मागे रेटल्यामुळे मिळणारे घर्षणाचे बल पुढच्या दिशेने सुमारे २०.५ न्यूटन असते, आणि उरलेले ७९.५ न्यूटन सायकलला मागे खेचतात. चाकांच्या स्वतःच्या जडत्वाचा परिणाम इथे सोडून दिला आहे.

हे कोडे मी इथे मांडले ते त्याच्या शेपटासाठी. क्रँकची लांबी भागिले चाकाची त्रिज्या हे गुणोत्तर आपल्या उदाहरणात ०.५ आहे. पुढच्या आणि मागच्या दात्यांचे गुणोत्तर यापेक्षाही कमी केले, उदाहरणार्थ पुढे २० आणि मागे ४२ दाते घेतले, तर उत्तर उलटते आणि सायकल पुढे जाते. गुणोत्तर नेमके ०.५ असेल तर ती जागची हलतच नाही. समीकरण मांडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत, अशी सवय मी लावून घेतली आहे: आपण हालचाल कोणाच्या तुलनेत मोजत आहोत, आणि एखादी राशी फार मोठी किंवा फार लहान केली तर काय होईल? स्पर्शिका यांनी हँडल काटकोनात वळवून जे केले तेही हेच.

लंबक

तिन्ही प्रतिसादांसाठी मनःपूर्वक आभार. पाकळ्या एका बिंदूवर आणून मांडण्याचा युक्तिवाद वाचल्यावर मी तो लंबवर्तुळासाठी कागद कापून करून पाहिला. दहा-दहा अंशांच्या ३६ पाकळ्या आधी लंबवर्तुळाभोवती चिकटवल्या आणि मग काढून एकत्र मांडल्या. लंबवर्तुळाच्या निमुळत्या टोकांपाशी त्या खेटून बसल्या होत्या आणि चपट्या बाजूंवर विरळ, पण एकत्र येताच वर्तुळ पूर्ण झाले.

यावरून एक नवा प्रश्न निघाला आहे. आजवर मी मागच्या चाकाचा मार्ग ठरवत होतो आणि पुढचा आपोआप मिळत होता. उलट केले तर काय होईल? पुढचे चाक सरळ रेषेत चालले आहे, पण सुरुवातीला फ्रेम त्या रेषेशी काही कोनात आहे. मागचे चाक त्या रेषेवर कधी येते? आणि प्रत्यक्ष सायकल चालवणारा माणूस वळताना चाकोऱ्यांत भौतिकशास्त्राचा काही ठसा उमटतो का, की हे सगळे केवळ भूमितीचेच राज्य आहे?

कलता काटा

दुसऱ्या भागाचे उत्तर देतो. ठसा उमटतो, आणि तो वळणाच्या अगदी आधी पाहावा लागतो.

५ मीटर प्रति सेकंद वेगाने १० मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे असेल, तर सायकल सुमारे १४ अंश आत कललेली हवी. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांचा गुणाकार, हे त्या कोनाचे टॅन गुणोत्तर असते. पण सरळ चाललेली सायकल डावीकडे कलणार कशी? त्यासाठी चाकांचे टेकबिंदू गुरुत्वमध्याच्या खालून उजवीकडे सरकवावे लागतात, म्हणून चालवणारा नकळत हँडल क्षणभर उजवीकडे वळवतो. सायकल डावीकडे कलू लागते आणि मग हँडल डावीकडे येते. ओल्या टायरांनी नेहमीच्या वेगाने वळण घेऊन मग चाकोऱ्या नीट पाहिल्या, तर डावे वळण सुरू होण्यापूर्वी पुढची चाकोरी किंचित उजवीकडे फुगलेली आढळते. सायकल हाताने ढकलत नेली तर हा फुगवटा नसतो, कारण तिथे तोल सांभाळण्याचे काम हात करतात.

इथून पुढे मात्र भूमिती एकटी पुरत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. सायकल स्वतःचा तोल कशी राखते याचे ‘फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळे’ असे एका वाक्याचे उत्तर वारंवार ऐकू येते. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ रद्द केला, तरी ती सायकल चालवता आली. आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भोवऱ्याचा परिणामही रद्द केलेला आणि पुढचा टेकबिंदूही हँडलच्या अक्षाच्या किंचित पुढे ठेवलेला, अशी छोटी दुचाकी चालकाशिवाय स्वतःला सावरताना दिसली. कलण्याच्या बाजूला हँडल वळवणारी कोणतीतरी यंत्रणा हवी. ती एकाच कारणाने घडते असे नाही. छंद म्हणून या प्रश्नाकडे वळणाऱ्यांनी एकच कारण शोधण्याचा हट्ट सोडला तर हा विषय खूप रंजक वाटेल.

स्पर्शिका

पुढचे चाक सरळ रेषेत चालले असताना मागच्या चाकाने काढलेला वक्र म्हणजे ट्रॅक्ट्रिक्स. सतराव्या शतकात क्लोद पेरो यांनी टेबलावर घड्याळ साखळीने ओढत हाच प्रश्न विचारला होता आणि ख्रिस्तियान हायगेन्स यांनी या वक्राचा अभ्यास केला. काटेकोर बोलायचे तर मागचे चाक त्या रेषेवर कधीच पोहोचत नाही, पण ते तिच्या जवळ फार झपाट्याने जाते.

फ्रेमचा रेषेशी असलेला कोन पाहा. त्याच्या निम्म्या कोनाचे टॅन गुणोत्तर पुढच्या चाकाने ल इतके अंतर कापले की दर वेळी २.७१८ ने भागले जाते. सुरुवातीचा कोन ३० अंश असेल, तर १५ अंशांचे टॅन ०.२६८ आहे. ल १ मीटर धरून पुढचे चाक २ मीटर गेल्यावर ते सुमारे ०.०३६ उरते, म्हणजे कोन साधारण ४.२ अंशांवर येतो. ४ मीटर गेल्यावर तो अर्ध्या अंशाच्या आसपास असतो आणि मागचे चाक रेषेपासून जेमतेम एक सेंटिमीटर दूर राहते, टायरच्या रुंदीपेक्षाही कमी.

आपल्या पाकळ्या इथेही उपयोगी पडतात. सुरुवातीला फ्रेम रेषेशी काटकोनात असेल, तर पुढे अनंतापर्यंत जाताना दिशा एकूण ९० अंशच फिरते. म्हणून ती रेषा आणि मागची चाकोरी यांच्यामधील जागा लांबीने अमर्याद असली, तरी तिचे क्षेत्रफळ ल त्रिज्येच्या वर्तुळाचा बरोबर पाव भाग असते, ल १ मीटर असताना ०.७८५ चौरस मीटर. कागदी पाकळ्यांपैकी नऊ उचलून या वक्रावर मांडून पाहा. पहिल्या काही सुरुवातीच्या मीटरभरातच बसतील आणि शेवटची एकटीच रेषेच्या कडेने लांबवर ताणली जाईल.